मानमोडीच्या गोंगाटात हरवणारा इशारा

२०२५ सालच्या फेब्रुवारीअखेरीस कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर तालुक्यातल्या वरदहळ्ळी या गावी परसातील कोंबड्या एकाएकी मरू लागल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झाले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, चिरनेर येथेही हेच घडले होते. तिथेही मोठी पोल्ट्री नव्हती, घरोघरच्या गावरान कोंबड्या होत्या. दोन्ही वेळा बातमीचा क्रम सारखाच राहिला: मरतुक, नमुने, अहवाल, एक किलोमीटरच्या परिघातील पक्ष्यांचा नायनाट, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी आणि मग शांतता.

या क्रमात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या गावांतील कोंबड्या त्याआधीच्या वर्षी कशाने मेल्या होत्या? त्याच्या आधीच्या वर्षी? परसात कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घरी विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘मर पडली.’ वर्षा-दोन वर्षांनी खुराडे रिकामे होते, उरलेली एखादी कोंबडी खुडुक बसते, तिच्याखाली अंडी ठेवली जातात आणि पुन्हा कळप उभा राहतो. हा मृत्यू इतका नित्याचा झाला आहे की तो कोणी कळवीत नाही, मोजत नाही आणि तपासतही नाही. देशाच्या साथरोग-निगराणीतील मोठी फट नेमकी इथे आहे. ती बुजविण्यासाठी लागणारे विज्ञान नवे नाही. राणीखेत रोगावरची जुनी, स्वस्त लस दहा कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोहोचविणे हा बर्ड फ्लूसारख्या नव्या संकटाची वेळीच चाहूल लागण्याचा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम विस्तार लक्षात घ्यावा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी ३१.७१ कोटी परसातले, म्हणजे तीनांतील एकाहून अधिक. २०१२ ते २०१९ या काळात व्यावसायिक पोल्ट्रीतील पक्षी ४.५ टक्क्यांनी वाढले, तर परसातील पक्षी ४५.८ टक्क्यांनी. परसातील कोंबडी ही मागे पडत चाललेली जुनी चाल आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ती वाढते आहे आणि तिच्या वाढीला शासकीय योजनांचे पाठबळही आहे. बंगळूरूच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘गिरिराज’ किंवा हैदराबादच्या संशोधन केंद्राची ‘वनराज’ यांची पिल्ले महाराष्ट्रातील बचत गटांतील महिलांच्या अंगणातही आता परकी राहिलेली नाहीत.

या कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे राणीखेत. या रोगाची नोंद १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाली आणि त्यानंतर लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे. जगाने त्याला न्यूकॅसलचे नाव दिले, भारतात राणीखेत रूढ झाले. मराठी मुलखात त्याचे नाव मानमोडी, कारण मज्जासंस्थेवर आघात झालेल्या कोंबडीची मान पिळवटून वळते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणत. माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा राणीखेत यांना एकाच शब्दाखाली आणणारा हा योगायोग पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

राणीखेतचा विषाणू गोवर आणि गालगुंडाच्या विषाणूंच्या कुळातला, म्हणजे इन्फ्लुएंझापेक्षा अगदी निराळा. पण खुराड्याच्या दारातून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. अचानक मृत्यू, हिरवट हगवण, श्वासाची घरघर, निळसर पडलेला तुरा, लुळे पाय, वळलेली मान ही लक्षणे दोन्ही रोगांत येतात. अनुभवी पशुवैद्यकालाही केवळ डोळ्यांनी निर्णय देता येत नाही. तो प्रयोगशाळेलाच द्यावा लागतो.

याचा परिणाम भारताने पहिल्याच खेपेस पाहिला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या आरंभी पोल्ट्रीतील पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा ती मरतुक आधी राणीखेतची समजली गेली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ विषाणू असल्याचे जाहीर झाले. देशातील बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. त्यानंतर नवापूर परिसरातील पोल्ट्र्यांबरोबर गावातल्या घरगुती कोंबड्याही मारल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांत, या वेळी परसातील पक्ष्यांमध्ये, हाच विषाणू आढळला. माणसांचे नमुने तपासले गेले आणि त्यांत संसर्ग आढळला नाही, हे सुदैव. मधले दिवस मात्र वाया गेले, कारण परिचित रोगाच्या नावाखाली अपरिचित रोग लपला होता.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. क्षीण संकेत टिपायचा असेल तर दोन वाटा असतात. एक तर उपकरण अधिक संवेदनशील करावे, नाहीतर पार्श्वभूमीवरचा गोंगाट कमी करावा. बर्ड फ्लूच्या बाबतीत देशाने पहिल्या वाटेवर बराच खर्च केला आहे. भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा, बंगळूरू-पुण्यासह विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा, जनुकक्रम वाचण्याची यंत्रे आणि बंगळूरूच्याच येलहंका भागात पशुरोगांचा पूर्वअंदाज बांधणारी राष्ट्रीय संस्था, हे सारे आवश्यकच आहे. पण नमुनाच आला नाही तर उत्तम यंत्रही मुके राहते. आणि नमुना येत नाही, कारण मरतुक नित्याची आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका तालुक्यातील शंभर गावांपैकी साठ गावांत वर्षभरात राणीखेतने कोंबड्या मरतात आणि एका गावात बर्ड फ्लूने. मरतुकीच्या एकसष्ट घटनांत धोक्याची घटना एकच. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याने प्रत्येक ठिकाणी जाऊन नमुने घ्यावेत ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. प्रत्येक वेळी अहवाल ‘राणीखेत’ असाच येत राहिला तर नमुने पाठविण्याची सवयही मोडते. आता समजा, लसीकरणामुळे राणीखेतच्या घटना साठांवरून सहावर आल्या. मग सात घटनांत एक धोक्याची. प्रयोगशाळा तीच, अधिकारी तेच, पण प्रत्येक घटनेचे महत्त्व जवळजवळ नऊपट वाढले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोंबड्या जगण्याची सवय झालेल्या घरात तीन कोंबड्या एका रात्रीत मेल्या तर ती घटना लक्षात येते आणि शेजारी सांगितली जाते. इशारा ऐकू यावा म्हणून प्रथम गोंगाट शमवावा लागतो, तो असा.

राणीखेतवरची लस नवी नाही. मुक्तेश्वर येथील संस्थेत १९४० च्या दशकात विकसित झालेली ‘आर२बी’ लस आजही मोठ्या वयाच्या पक्ष्यांना पंखाखाली टोचली जाते. लहान पिल्लांच्या डोळ्यांत किंवा नाकपुडीत पहिल्याच आठवड्यात लासोटा किंवा एफ जातीच्या सौम्य विषाणूचा थेंब टाकतात. पुण्याच्या औंध येथील आणि बंगळूरूच्या हेब्बाळ येथील शासकीय संस्था पशुपक्ष्यांच्या लसी तयार करतात. खासगी उत्पादकही आहेत. एका मात्रेची किंमत किरकोळ असते. तरीही परसातील कोंबडी बहुधा लसीविना राहते. अज्ञान हे त्याचे सोयीस्कर स्पष्टीकरण झाले. खरे कारण काचेच्या कुपीच्या मापात आहे.

ही लस जिवंत विषाणूची असते. ती शीतशुष्क करून कुपीत बंद केली जाते आणि २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. द्रावणात मिसळल्यावर ती तास-दोन तासांत वापरून संपवावी लागते. कुपी बहुधा शंभर, दोनशे, पाचशे किंवा हजार मात्रांची असते. दहा हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीला हे माप सोयीचे. सहा कोंबड्यांच्या घराला नाही. शंभर मात्रांची कुपी फोडली की चौऱ्याण्णव मात्रा वाया जाणार. त्यात पुन्हा तालुक्याच्या दुकानापासून घरापर्यंतचा बर्फाचा प्रवास. मे महिन्यात एस.टी.च्या खिडकीशी मांडीवर ठेवलेल्या पिशवीतील बर्फ गावापर्यंत टिकत नाही.

उष्णतेने लस निकामी होते म्हणजे नेमके काय होते? या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि त्यातून बाहेर डोकावणारी प्रथिने असतात. ही प्रथिने पेशीला चिकटतात म्हणून लसीतील विषाणू शरीरात शिरतो आणि प्रतिकारशक्ती जागवतो. तापमान वाढले की प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट-तिप्पट होतो, हा ढोबळ नियम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. प्रथिनांच्या विघटनात ही वाढ याहूनही तीव्र असू शकते. म्हणून शीतपेटीत महिनोन्‌महिने टिकणारी लस उन्हात काही तासांत केवळ पाणी होऊन बसते. तिचा रंग बदलत नाही, वासही येत नाही. टोचणाऱ्याला वाटते लस दिली. पुढे कोंबड्या मरतात आणि ‘लसीचा काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष गावभर होतो. कुजलेल्या विश्वासाची किंमत कुपीपेक्षा मोठी असते.

निसर्गातील काही राणीखेत विषाणूंची प्रथिने मुळातच अधिक उष्णतासह असतात. क्वीन्सलँड विद्यापीठातील पीटर स्प्रॅडब्रो यांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. आधी ‘व्ही४’ आणि पुढे ‘आय-२’ या निरुपद्रवी, उष्णतासह जातींवर काम झाले. आय-२ चे मूळ बीज विकसनशील देशांच्या प्रयोगशाळांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले. मोझांबिक, टांझानिया आदी देशांत स्थानिक प्रयोगशाळांनी ही लस बनविली आणि गावातील प्रशिक्षित स्त्री-पुरुषांनी ती डोळ्यात थेंब टाकून दिली. ही लस उन्हात कितीही ठेवली तरी चालते, असे मात्र नाही. थंडावा लागतोच, फक्त शीतसाखळी तुटली तर घात होण्याआधी काही दिवसांची, शीतशुष्क रूपात काही आठवड्यांची सवलत मिळते. गावासाठी तेवढी सवलत पुरेशी ठरते.

आता बंगळूरूच्या दक्षिण टोकाकडे पाहावे. होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा ही आनेकल तालुक्यातील औद्योगिक वसाहत. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका तिथवर पोहोचली आहे. इथल्या परिसरात तयार होणारी इन्सुलिनसारखी जैवऔषधे अनेक देशांत जातात. त्यांनाही २ ते ८ अंशांचीच शीतसाखळी लागते आणि ती समुद्र ओलांडूनही तुटत नाही. जिवंत रेणूचा थंडावा हजारो किलोमीटर जपणे या देशाला येते, याचा बोम्मसंद्रा हा चालताबोलता पुरावा आहे. त्याच तालुक्यातील खेड्यात, किंवा नवापूरच्या पाड्यावर, वीस मात्रांची कुपी शेवटचे दहा किलोमीटर का ओलांडू शकत नाही, याचे उत्तर जीवशास्त्रात सापडत नाही. ते अर्थशास्त्रात आहे.

शीतशुष्कन यंत्राच्या फळीवर जागा कुपीला लागते, मात्रेला नाही. वीस मात्रांच्या पाच कुप्या भरण्यास शंभर मात्रांच्या एका कुपीच्या जवळजवळ पाचपट काच, झाकणे, जागा आणि श्रम लागतात. प्रतिमात्रा खर्च वाढतो. ज्या ग्राहकाकडे सहा कोंबड्या आहेत तो हा वाढीव खर्च उचलण्यास पुढे येत नाही, कारण अशी कुपी मिळू शकते हेच त्याला ठाऊक नसते. उत्पादक मागणी नाही म्हणून बनवीत नाही, गिऱ्हाईक वस्तू नाही म्हणून मागत नाही. अशी कोंडी बाजार आपसूक फोडत नाही. मानवी लसीकरणात लहान कुप्यांचा खर्च शासन उचलते, कारण त्याचा लाभ सर्व समाजाला होतो. राणीखेतच्या लसीचा लाभही, वर पाहिल्याप्रमाणे, त्या घरापुरता मर्यादित नाही. म्हणून तिच्या लहान कुपीचा वाढीव खर्च कुक्कुटपालनाच्या अनुदानात न मोजता साथरोग-निगराणीच्या खात्यात मोजला पाहिजे.

लहान कुपी येईपर्यंत गावाने हात जोडून बसावे असे मात्र नाही. कुपीचे माप बदलता येत नसेल तर कळपाचे माप बदलता येते. परसातील कोंबड्या घराच्या कुंपणात राहत नाहीत. उकिरड्यावर, ओढ्याकाठी, शेजारच्या अंगणात त्या मिसळतात. विषाणूच्या दृष्टीने गावातील सर्व खुराडी मिळून एकच कळप असतो. समजा, साठ घरांत प्रत्येकी सहा, अशा ३६० कोंबड्या आहेत आणि एक आजारी कोंबडी सरासरी चार कोंबड्यांना रोग देते. साथ पसरू नये यासाठी त्या चारांपैकी किमान तीन आधीच सुरक्षित असल्या पाहिजेत, म्हणजे गावातील ७५ टक्के, २७० कोंबड्या. एका घराने आपल्या सहा कोंबड्या टोचून गाव वाचत नाही. पण साठ घरांनी एक दिवस ठरवला तर चार कुप्यांत गाव उरकते आणि मात्रा वाया जातात त्या केवळ चाळीस.

हा हिशेब एकदाच करून भागत नाही. कोंबड्या विकल्या जातात, कापल्या जातात, नवी पिल्ले येतात. समजा, आरंभी ९० टक्के कोंबड्या सुरक्षित आहेत आणि दरमहा कळपातील पाच टक्के पक्ष्यांची जागा लस न मिळालेली पिल्ले घेतात. चार महिन्यांनी सुरक्षितांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर येते, म्हणजे आवश्यक मर्यादेखाली. आय-२ च्या ग्रामीण मोहिमांत दर चार महिन्यांनी लस देण्याचा प्रघात पडला, त्याचे मर्म या साध्या गुणाकारातून उमगते. वर्षातून तीन ठरावीक दिवस, संध्याकाळी कोंबड्या डालग्यात शिरल्यावर किंवा पहाटे त्या सोडण्याआधी, ग्रामपंचायत, बचत गट आणि पशुसखी यांच्या हाताने हे काम होऊ शकते. पिल्ले वाटणाऱ्या योजनेने किती पिल्ले वाटली याबरोबर सहा महिन्यांनी किती जगली हेही नोंदविले तर या कामाला आपोआप बळ येईल.

लसीचा प्रश्न सुटला तरी एक गाठ उरते आणि ती अधिक अवघड आहे. मरतुक सुरू झाल्यावर कोंबड्या पाळणाऱ्या बाईने काय करावे? कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने कळविणे बंधनकारक आहे. व्यवहार मात्र उलट दिशेने ओढतो. तिच्या बारा कोंबड्यांपैकी तीन मेल्या. कळविले तर उरलेल्या नऊ मारल्या जातील आणि शेजारणींच्याही. न कळविता नऊ कोंबड्या उद्याच्या आठवडे बाजारात नेल्या तर काही पैसे हाती येतील. २०२१ च्या उद्रेकात महाराष्ट्रात नुकसानभरपाईचा दर अंडी देणाऱ्या मोठ्या पक्ष्याला ९० रुपये, मांसल पक्ष्याला ७० रुपये आणि पिल्लाला २० रुपये होता. गावरान कोंबडीला बाजारात याच्या कितीतरी पट भाव मिळतो. भरपाईही मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे ज्या घरात रोग प्रथम आला, ज्याने प्रथम कळवावे अशी अपेक्षा आहे, त्याच घराचे सर्वाधिक नुकसान भरपाईबाहेर राहते.

या गणितात तिने बाजार निवडला तर तिला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण तिच्यापुढे मांडलेले गणितच तसे आहे. आजारी घरातील निरोगी दिसणारी कोंबडी बाजारात जाणे हा विषाणूच्या प्रवासाचा सर्वांत वेगवान मार्ग असतो. तो मार्ग दंडाच्या धाकाने बंद होत नाही, कारण दहा कोंबड्यांच्या व्यवहाराची पावती नसते. पहिली खबर देणाऱ्या घराला मेलेल्या पक्ष्यांसह, गावरान जातीच्या बाजारभावाच्या जवळपास आणि काही दिवसांच्या आत भरपाई मिळाली, तर कळविणे हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. याचा गैरफायदा घेतला जाईल, अशी शंका रास्त आहे. मेलेली कोंबडी दाखवून पैसे मागणारे निघतील. पण प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच भरपाई द्यायची असेल तर प्रत्येक खोट्या दाव्यासोबत एक नमुनाही हाती येतो आणि निगराणीला नमुनेच हवे आहेत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. व्यावसायिक पोल्ट्रीचालक म्हणतात की उघड्यावर फिरणाऱ्या, कावळ्या-बगळ्यांत मिसळणाऱ्या कोंबड्या हाच धोका आहे. सुरक्षित शेडभोवतालच्या गावात त्या असूच नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता. उघड्या परसाला कावळ्यापासून भिंत नसते. पण २००६ आणि पुन्हा २०२१ साली नवापुरात जे घडले ते दाटीवाटीने वसलेल्या पोल्ट्र्यांमध्ये घडले. पक्ष्यांची घनता जिथे अधिक तिथे विषाणूला पुढचा यजमान मिळणे सोपे. परसातील कळप विषाणूला शिरण्यास सोपा, तर मोठी पोल्ट्री त्याला वाढण्यास सोपी. दोहोंपैकी एकाला आरोपी ठरवून दुसऱ्याचे संरक्षण होत नाही. एकतीस कोटींहून अधिक पक्षी आदेश काढून नाहीसे होत नसतात. ते केवळ नोंदींतून नाहीसे होतील.

या सर्वांत माणसाचा संबंध किती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एच५एन१ विषाणू माणसांत सहज पसरत नाही आणि नीट शिजवलेल्या मांस-अंड्यांत तो टिकत नाही. घबराटीला कारण नाही. पण २०२१ साली हरियाणातील अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या संसर्गाने दगावला आणि २०२५ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांची मुलगी. १९१८ च्या साथीचा विषाणूही मुळात पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाशी नाते सांगणारा होता. विषाणू पक्ष्यातून माणसात येण्याच्या प्रयत्नांची मोजदाद आज ज्या ठिकाणी व्हायला हवी, ती जागा म्हणजे अंगण आहे. तिथे आजारी कोंबडी उचलणारे, खुराडे झाडणारे आणि मेलेली कोंबडी फेकून येणारे हात बहुधा स्त्रियांचे आणि मुलांचे असतात.

तोवर घरच्या घरी पाळण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. मरतुक सुरू झाल्यास एकही पक्षी विकू नये, कापू नये, पाहुण्याला देऊ नये. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता नाकातोंडावर फडके आणि हातांवर पिशवी बांधून खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावा. विषाणूजन्य रोगावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात कालवल्याने राणीखेत बरा होत नाही. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. ही शेवटची सूचना पाळली जावी अशी शासनाची इच्छा असेल, तर कळविणाऱ्या घराचे कळवून नुकसान होणार नाही, एवढी व्यवस्था त्याने आधी केली पाहिजे.

भारतीय विज्ञानाची प्रगती मोजताना सहसा उपग्रह, वेगवर्धक आणि जनुकक्रम यांची गणती होते, आणि ती योग्यच आहे. त्या गणतीत वीस मात्रांच्या कुपीला आज जागा नाही. ती बनविण्यास नवा शोध लागत नाही. एका मंत्रालयाचा निर्णय, दोन-तीन शासकीय लस-संस्थांची एक उत्पादनरेषा आणि भरपाईच्या तक्त्यात ‘गावरान’ व ‘मृत’ अशा दोन नव्या ओळी पुरेशा आहेत. पुढचा विषाणू कोणत्या गावी प्रथम उतरेल हे कोणत्याही समीकरणातून सांगता येणार नाही. त्या गावातील बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची वाट धरते की बाजाराची, हे मात्र आजच्या निर्णयांवर ठरणार आहे.